मंडळीपुढची कबुली

मी तोंडाची फटकळ. फटकळ माणूस म्हणजे खरं बोलणारा माणूस, अशी लोकांची एक समजूत असते, आणि त्या समजुतीवर मी जन्मभर मान मिळवला. शाळेत मिळवला, मंडळीत मिळवला, भावकीतही मिळवला. ‘बाईंच्या पोटात एक अन् ओठात एक नाही,’ असं लोक म्हणायचे आणि मी पदर सावरून ऐकून घ्यायची. आज लिहायला बसले आहे ते त्या खरेपणाबद्दलच. त्यानं एका बाईचं काय केलं, ते सांगायचं आहे. सांगून मला मोकळं व्हायचं नाही, हेही आधीच सांगून ठेवते. मोकळं व्हायचा नाद मी एकदा केला, आणि तो महागात पडला दुसऱ्याच कुणाला.

तेव्हा मी मेहकर तालुक्यात एका गावी मिशनच्या शाळेत शिकवत होते. गाव अगदी शिवेवर. नाला ओलांडला की निजामाची मोगलाई, अलीकडे आमचा वऱ्हाड, नागपूरच्या सरकारचा. ख्रिस्ती घरं चौदा. मातीच्या भिंती आणि वर टिन असं आमचं देऊळ होतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, आणि तिथे जमणाऱ्या ख्रिस्ती माणसांना मंडळी. त्याला लागून शाळेचा लांब व्हरांडा आणि मागे दीड खणाची माझी खोली. मी एकटी राहायची. लग्न झालं नव्हतं, आणि माझ्या तोंडापुढे ते होईल अशी आशाही घरच्यांनी सोडली होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं मोगलाईतून लोक यायला लागले. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं, म्हातारी माणसं बैलगाडीत गवतासारखी रचलेली. आमचे पाळकसाहेब म्हणजे कमी बोलणारा माणूस. त्यांनी रविवारी उपदेश केलाच नाही. ‘शाळेचं अन् देवळाचं दार उघडं राहील,’ एवढं म्हणाले आणि खाली बसले. आलेल्यांत मराठा होते, माळी होते, महार होते. एरवी ज्यांनी आमच्या हातचं पाणी घेतलं नसतं ते आमच्या व्हरांड्यात पथारी टाकून बसले, आणि आमच्याच घागरीनं पाणी प्याले. मी मनात म्हटलं, आता कशी गेली सोवळी? पण तोंडानं म्हटलं नाही. तेवढी अक्कल तेव्हा होती.

आमच्या बायकांत मुठीची चाल होती. जात्यावर बसण्याआधी ज्वारीची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची, आणि रविवारी ते मडकं देवळात आणून रिकामं करायचं. घरात कितीही ओढ असो, ती मूठ चुकवायची नाही. पाळकीणबाईंनी त्या वर्षी एकीच्या दोन मुठी केल्या. मी पोतं घेऊन घरोघर हिंडायची. चिखलीच्या, खामगावच्या मंडळ्यांना पत्रं लिहिली, तिकडून गाडीभर ज्वारी आणि जुने कपडे आले. बायका दुपारी जमून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या. गावातल्या एका मुसलमान रंगाऱ्यानं डाग पडलेलं कापड आणून टाकलं, ‘लेकरांले झबले करा’ म्हणाला. मी तर नुसती फुलून गेले होते. माझे वडील मोठ्या दुष्काळात मिशननं उचललेलं पोरकं लेकरू. लहानपणी मी पाणी भरायला गेले की बायका म्हणायच्या, ‘दाण्यापायी बाटलेली पोर आली पाहा.’ आता दाणे आम्ही देत होतो. हे सुख किती गोड असतं ते ज्यानं दाणे खाल्ले त्यालाच कळतं.

मग हिंदुस्थानच्या फौजा तिकडे शिरल्या, मोगलाई खालसा झाली. बरेच लोक आपापल्या गावी परतले. ज्यांची घरं जळाली होती अशी पाचएक कुटुंबं व्हरांड्यात राहिली. आणि आता पळायची पाळी तिकडच्या मुसलमानांवर आली. त्यांनी काही केलेलं असो वा नसो. ती माणसं रस्त्यानं येत नव्हती, शेतातून यायची आणि गावात न थांबता पुढे निघून जायची. आम्हाला हे ठाऊक होतं. त्यांच्यासाठी पाळकसाहेबांनी दार मिटलं नव्हतं, पण त्या दाराशी व्हरांडा होता, आणि व्हरांड्यात कोण बसलंय ते पाहून तिथे कोण येणार?

ती आली ती शाळेच्या विहिरीवर, कार्तिकातल्या एका दुपारी. कडेवर चार वर्षांची मुलगी, अंग तापानं फणफणलेलं. नेसूचं लुगडं आमच्यासारखंच, कपाळ मोकळं, गळ्यात काळी पोत नाही. आमच्या ख्रिस्ती बायकाही तेव्हा कुंकू लावत नसत. झालं! माझी उडी थेट तिथेच. ‘तुम्ही ख्रिस्ती आहात का बाई?’ मी विचारलं.

तिनं व्हरांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ‘व्हय,’ म्हणाली.

नीट पाहिलं तर ते खोटं पहिल्यांदा मीच बोलले. तिनं फक्त होकार भरला. पुढे ते उघडं पडलं तेव्हा मी त्या खोट्याचा सगळा दोष तिच्या पदरात टाकला.

आपल्या धर्माची बहीण म्हणून मी तिला व्हरांड्यात न ठेवता माझ्या खोलीत नेलं. मुलीला मिशनच्या क्विनाइनच्या गोळ्या दिल्या, पाचव्या दिवशी ताप उतरला. बाई मोठी गुणाची होती. भांडं विसळून पालथं घातलं की त्यावर पाण्याचा थेंब दिसायचा नाही. गोधडीचे टाके तर असे घालायची की आमच्या बायका बोटानं चाचपून पाहायच्या. नवरा गेला होता. कसा ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक भाऊ मलकापूरला कापडाच्या दुकानात होता. त्याला मी तिच्या सांगण्यावरून, दुकानाच्या मालकाच्या नावावर, कार्ड टाकलं, ‘आम्ही दोघी इथे ख्रिस्ती मंडळीत सुखरूप आहोत, येऊन घेऊन जावे.’ तो येईपर्यंत ती माझ्याकडे राहणार होती. त्याच्याशिवाय तिला जगात कुणी नव्हतं.

तिला आमची गाणी येत नव्हती, प्रार्थना येत नव्हती. ‘आमच्याकडं पाळक वर्षातून एकदा यायचे,’ ती म्हणाली. मला ते पटलं. पटवूनच घ्यायचं होतं मला. बायकांच्या सभेत मी तिच्याबद्दल असं काही बोलायची की विचारू नका. आपलीच बहीण, आपल्याच विश्वासासाठी आगीतून निघालेली! व्हरांड्यासाठीच्या मुठी तोवर आखडत आल्या होत्या. पण हिच्या नावानं बायकांचे हात पुन्हा सुटले. व्हरांड्याला ज्वारी जायची, हिच्यासाठी गहू यायचे, एकदा तर तूपसुद्धा आलं. ते गहू मी मिटक्या मारत तिच्यासोबत खाल्ले.

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन. चपातीचे लहान लहान तुकडे पितळी ताटात, आणि मनुका उकळून काढलेला रस. परगावच्या माणसानं आपल्या पाळकाचं पत्र आणल्याशिवाय त्याला या भोजनाला बसवायचं नाही, अशी शिस्त होती. तिच्याकडे पत्र कुठलं? ती तर म्हणाली, ‘मला बरं नाही वाटत बाई, मी पोरीपाशी बसते.’ पण मला तिला सगळ्यांपुढे मिरवायचं होतं. मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘तिला यायचं असेल तर येईल. ओढू नका.’

‘पत्र नसलं तर काय झालं? तिची मी जामीन!’ मी म्हटलं. आणि तिला ओढत नेलं.

आमच्याकडे तुकडा मिळाला की लगेच खात नाहीत. सगळ्यांना मिळेपर्यंत हातात धरतात, आणि पाळकसाहेब ‘घ्या, खा’ म्हणाले की डोळे मिटून सगळे एकदम खातात. मी डोळे मिटले, पण पूर्ण नाही. आपल्या बहिणीच्या तोंडावर कसा भाव येतो ते मला पाहायचं होतं. सगळ्यांचे हात तोंडाकडे गेले. तिचा मांडीवरच राहिला, मूठ मिटलेली.

खोलीत येताच मी दार लोटलं. ‘घास का नाही खाल्ला?’

तिनं पदराची गाठ सोडून तो तुकडा माझ्यापुढे ठेवला, अगदी हळू, देवापुढे ठेवावा तसा. ‘बाई, मी मुसलमान हाय. माणसाशी खोटं बोलले, लेकरासाठी बोलले. पन देवाच्या ताटावर बसून खोटं खावंना मला.’

प्रभूच्या भोजनाचा मान त्या दिवशी सगळ्या देवळात तिनंच राखला होता. हे आता मला दिसतं. तेव्हा दिसलं एवढंच, की मी जामीन राहिले होते आणि हिनं माझं नाक कापलं. तीन आठवडे मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होते. त्या दुपारी ‘तू’वर आले. काय काय बोलले! ‘दाण्यापायी ख्रिस्तीन झालीस,’ असंही बोलले. होय, तेच शब्द. विहिरीवरच्या बायकांनी मला ऐकवलेले. मुलगी आपली आईच्या बोटांशी खेळत बसली होती.

आता आमची आणखी एक चाल सांगावी लागेल. मंडळीत कुणाच्या हातून चूक झाली, कुणी दारू प्याला, जावा-जावांची मारामारी झाली, तर त्यानं रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून कबुली द्यायची. मग पाळकसाहेब विचारणार, ‘मंडळी क्षमा करते का?’ सगळे म्हणणार, ‘करते.’ मग एकेकानं उठून त्याचा हात हातात घ्यायचा, आणि त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही. ही चाल चांगली होती. कितीतरी घरं तिनं सांधलेली मी पाहिली आहेत. चाल आपल्या घरची होती, आणि मी ती त्या बाईला लावायला निघाले, जिचा जीव फक्त कुणी काही न बोलण्यावर तगला होता.

‘येत्या रविवारी उभी राहा,’ मी तिला सांगितलं. ‘आमच्यात कबुली दिली की सगळं धुऊन जातं. कुणी तुला एक शब्द बोलणार नाही.’

‘तुमची माणसं नाही बोलायची बाई. पन खिडकीपल्याड व्हरांडा हाय. त्याच्यापल्याड बाजार हाय. माझा भाऊ येईस्तोवर थांबा. आठ रोज थांबा.’

‘देवाच्या घरात खोट्याला मुदत नसते,’ मी म्हणाले. असलं वाक्य जमलं की मला फार बरं वाटायचं.

बुधवारी पाळकीणबाई आणि मी ज्वारी पाखडत होतो. मला राहवेना, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचं सूप थांबलंसुद्धा नाही. ‘काऊन उकरून राह्यली वं? मले काही माहीत नाही, अन् तुलेही काही माहीत नाही. दाणे पाखड.’ मला इतका राग आला! पाळकाची बायको असून खोट्यावर पांघरूण घालते म्हणजे काय? त्या बाईशी तर मी आठवडाभर बोललेच नाही. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. तिनं मात्र रोज मला निजायच्या आधी एकच विचारलं, ‘कार्डाचं काही उत्तर?’

रविवार आला. न यावं तर लोक विचारतील म्हणून ती आली आणि माझ्या शेजारी बसली. दुसरं गाणं झालं. मी तिला कोपरानं ढोसलं. ती उठली नाही. मी उठू लागले तसं तिनं माझ्या पदराचं टोक धरलं. जोरात नाही, लहान मूल धरतं तेवढंच. मी ते सोडवून घेतलं आणि उभी राहिले.

मी काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं, पण लिहिण्यासारखं नाही. मी खोटी जामीन राहिले, मंडळीला फसवलं, माझ्या घरातली बाई ख्रिस्ती नाही, ती कोण आहे, कुठून आली, सगळं. शाळेत शिकवायची सवय, आवाज खणखणीत. मग पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि रीतीप्रमाणे मंडळीनं मला क्षमा केली. एकेकानं येऊन माझा हात हातात घेतला. मला पिसासारखं हलकं वाटलं. शेवटच्या गाण्याला सगळ्यांत वरचा आवाज माझा होता, आणि ती शेजारी मुलीचं डोकं छातीशी घट्ट धरून बसली होती.

उपासनेनंतर व्हरांड्यात ज्वारी वाटायचं काम माझं असायचं. मी पोतं घेऊन गेले तर कुणी भांडं पुढे करेना. जालन्याकडचा एक म्हातारा तिथे होता. त्याचा तरणा मुलगा तिकडे रझाकारांनी मारला होता. तो म्हणाला, ‘बाई, हे तुमी काय केलं?’

‘खरं ते सांगितलं,’ मी म्हणाले.

‘आमाला तिसऱ्या रोजीच कळलं व्हतं. लेकराला निजवताना काय गुणगुणती ते ऐकू येत नाही व्हय भितीपल्याडून? पन आमालाबी तिकडं एका मुसलमानानंच कडब्यात दडवलं व्हतं. माहीत नसल्यावानी चाललं व्हतं आमचं. आता तुमी भर देवळात बोलल्या. आता आमाला माहीत झालं. बाजारातले इचारायला आले तर मी माहीत नाही कसं म्हनू? माझं पोर कुनी मारलं ते समद्यांना ठाव हाय.’

रविवार बाजाराचा दिवस. दोन तासांच्या आत चार माणसं फाटकाशी आली. ओरडली नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. ‘ती बाई कोन्ती हाय, पाहू द्या,’ एवढंच म्हणाली. पाळकसाहेब फाटकात आडवे उभे राहिले आणि हलले नाहीत. माणसं गेली, पण जाताना म्हणाली, ‘उद्या येतो, अन् अजून लोकं घेऊन येतो.’

पाळकसाहेब गाडी जुंपायला निघाले तर ती म्हणाली, ‘गाडी नको. गाडी कुणाची ते समदे वळखतात.’ तिच्याजवळ बांधायला होतंच काय? मुलीचं झबलं, एक तांब्या. पाळकीणबाईंनी भाकरी बांधून दिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती शाळेच्या मागच्या बाजूनं निघाली आणि तुरीतून मेहकरच्या रोखानं चालू लागली.

मी धावले. हातात एक गोधडी आणि फडक्यात ज्वारी. तिला बांधावर गाठलं. तिनं गोधडी घेतली, ज्वारी घेतली. रागानं नाकारली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं मला विचारलं, टोमणा नव्हता, खरंच विचारलं, जशी माझ्याकडे उत्तर असेलच: ‘बाई, फुडच्या गावात मी कोन म्हनून सांगू?’

मी शाळामास्तरीण. पन्नास लेकरांना रोज उत्तरं देणारी. तिनं जरा वाट पाहिली, मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि गेली.

भाऊ आला ती गेल्यावर नवव्या दिवशी, सकाळच्या शाळेच्या वेळी. हातात माझ्याच अक्षरातलं कार्ड. दुकानाचा मालक गावाला गेला होता, म्हणून कार्ड पडून राहिलं होतं. त्याला सगळं सांगितलं पाळकसाहेबांनी, मी दाराला टेकून उभी होते. तो आरडाओरडा करेल, मला काही बोलेल, असं मला वाटलं होतं. बोलावं असं वाटलं होतं. तो वर्गात आला आणि विचारायला लागला ते कामाचंच. कोणत्या वाटेनं गेली? अंगावर काय होतं? मुलगी चालत होती की कडेवर?

‘अन् बाई, नाम कोन्तं सांगत होती? मी गावोगाव कोन्तं नाम घेऊन पुसू?’

आमच्यात तिनं जे नाव सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. मग म्हणाले, पण ते ती आता सांगणार नाही. मी ते सगळ्यांपुढे बुडवलं. त्यानं कार्डाची घडी केली, पुन्हा उलगडली. ‘मग खरं नाम तुम्हांले सांगून ठेवतो,’ तो म्हणाला, ‘कधी परत आली तर तिच्या नामानं हाक मारजा. म्हणजे मी येऊन गेलो हे तिले कळन.’

आणि त्यानं सांगितलं. तिचं, आणि मुलीचंही. महिनाभर एका चुलीवर जेवलो होतो, आणि ती नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आता माझं वय झालं आहे. ती कधी आली नाही, तोही आला नाही. दोन्ही नावं मला पाठ आहेत. ती इथे लिहीत नाही.